तुमच्या घरात चुली किती?

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्त्या खारघर, ता. पनवेल येथे बचत गटांच्या समन्वयक आहेत.)

हातात काम असेल तर थांबवू नका. भाजी निवडता निवडता ऐकलंत तरी चालेल.

आज आम्ही एक साधा प्रश्न घेऊन आलोय. तुमच्या घरात माणसं किती?

आमच्या मासिक बैठकीत हा प्रश्न विचारला, तेव्हा एक वहिनी म्हणाल्या, "कोण विचारतंय त्याच्यावर आहे." सगळ्या हसल्या, पण वहिनींचं खरं होतं. रेशन दुकानात विचारलं तर पाच. बँकेच्या फॉर्मवर चार. गणपतीत विचारलं तर तेवीस, कारण तेव्हा चुलते, मोठे दीर, वाशीला राहायला गेलेला पुतण्या, सगळे एका घरचे. आणि जमिनीचा कागद निघाला की हिशेब पुन्हा बदलतो. तेव्हा भाऊ आणि पुतणे घरचे राहतात, बहिणी आणि आत्या "त्यांच्या घरच्या" होतात.

म्हणजे कुटुंब कोणाचं, त्यात कोण धरायचं आणि कोण सोडायचं, हे ठरवणाराच वाटा कोणाला मिळणार तेही ठरवतो. म्हणून आज आपण कुटुंबाच्या अभ्यासाबद्दल बोलणार आहोत. अभ्यास म्हटलं की कॉलेजचं काम वाटतं. पण कुटुंब, गाव, लग्न, वाटणी यांचा अभ्यास करणारी माणसं शेवटी आपल्याच ओट्यावर येऊन बसतात आणि आपल्यालाच प्रश्न विचारतात. ते काय विचारतात, का विचारतात आणि त्यातून आपल्या हाती काय लागतं, एवढं आपल्याला कळायला हवं.

चूल हे माप

जनगणनेवाले कुटुंब कसं मोजतात? एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. आपल्या बोलीत हे माप आधीपासून आहे. भाऊ वेगळे झाले असं सांगायचं असेल तर आपण म्हणतो, "त्यांची चूल वेगळी झाली."

पण चूल वेगळी झाली म्हणजे कुटुंब मोडलं का? गुजरातमधल्या महुवा गावात आय. पी. देसाई नावाच्या समाजशास्त्रज्ञांनी कुटुंबांचा अभ्यास केला. त्यांचं पुस्तक 1964 साली आलं. नुसती चूल मोजून भागत नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. जेवण वेगळं असलं तरी मालमत्ता एक असू शकते, अडीअडचणीला पैसा एकमेकांकडून येऊ शकतो, देवाधर्माचं एकत्र होऊ शकतं.

आमच्याकडच्या गावठाणात फिरलात तर हे लगेच दिसेल. तीन मजली घर. खाली आईवडील, वर दोन भाऊ. गॅस तीन. घरपट्टी अजून वडिलांच्या नावाने येते. गणपती एकच बसतो. कोर्टातली तारीखही एकच, सगळे मिळून जातात. आता हे कुटुंब एक म्हणायचं की तीन? कामावर अवलंबून आहे. रेशनला तीन आणि गणपतीला एक, आणि दोन्ही खरं.

या अभ्यासात आपल्या महाराष्ट्राचं एक मोठं नाव आहे, इरावती कर्वे. 1905 साली ब्रह्मदेशात जन्म, तिथल्या नदीवरून नाव ठेवलेलं. महर्षी कर्वे यांच्या सूनबाई. जर्मनीत जाऊन डॉक्टरेट घेतली आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवलं. पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालवणाऱ्या बाई म्हणून जुन्या लोकांना त्या आठवतात. भारतातल्या नातेसंबंधांवरचं त्यांचं पुस्तक 1953 साली आलं. वेगवेगळ्या प्रांतांत नात्यांना कोणते शब्द आहेत आणि कोणाचं कोणाशी लग्न चालतं, हे त्यांनी शोधून मांडलं. उत्तरेकडे मुलगी नात्यात द्यायची नाही. दक्षिणेकडे नात्यातच देण्याची रीत. आपला महाराष्ट्र मधला, दोन्हीकडचं थोडं थोडं घेतलेला.

पटत नसेल तर आजीची भाषा आठवा. सासूला "आत्याबाई" आणि सासऱ्यांना "मामंजी" म्हणायची पद्धत होती ना? मुलगी आत्याच्या घरी सून म्हणून गेली की आत्याच सासू होते. अशा लग्नांची खूण आपल्या तोंडी राहिली आहे. रोज बोलतो त्या शब्दांत केवढा इतिहास असतो बघा.

इरावतीबाईंनी जय निंबकर यांच्याबरोबर कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांचीही पाहणी केली. ती 1969 साली छापली गेली. कोयनेची ही माणसं आपल्या रायगड जिल्ह्यातही येऊन वसली. धरण किती उंच, वीज किती, हे सरकार मोजतच होतं. उठलेल्या घरांचं पुढे काय झालं, हे जाऊन विचारणारं कोणीतरी लागतं. आपण खारघरकरांनी हे समजून घ्यायला हवं, कारण आपणही उठलेल्या जमिनीवरच बसलोय.

चाळीस एकरांचे सात एकर

एक जुनी गोष्ट सांगतो. पुण्याजवळ पिंपळे सौदागर नावाचं गाव आहे. आज तिथे टॉवर आहेत, आयटीवाले राहतात, आपल्या खारघरसारखंच. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी पुण्याच्या शेतकी कॉलेजातले हॅरॉल्ड मान नावाचे साहेब त्या गावात गेले आणि शेत न् शेत तपासलं. जुनी कागदपत्रं काढली. 1917 साली त्यांचं पुस्तक आलं. त्यात एक हिशेब होता. 1771 साली गावात एका खातेदाराकडे सरासरी 40 एकर जमीन होती. 1914-15 पर्यंत ती 7 एकरांवर आली.

जमीन तेवढीच होती. खाणारी तोंडं वाढली, वाटण्या झाल्या, बांध वाढले. हे सगळ्यांना माहीत होतं, पण कागदावर मांडल्यावर ते नाकारता येईना. मोजणीचा उपयोग हा. "पूर्वीपेक्षा परवडत नाही हो" असं आपण बोलतो ते पुरावा होत नाही. "आजोबांकडे इतकं, वडिलांकडे इतकं, आता इतकं" असं लिहून दाखवलं की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं.

आणखी एक लक्षात घ्या. त्या काळी वाटण्या मुलग्यांतच होत. त्या 40 एकरांत आणि 7 एकरांत राबणाऱ्या बायकांचे हात होते, नाव मात्र सातबाऱ्यावर नव्हतं.

खारघरचा हिशेब

आता आपल्या घराकडे येऊ. 1970 सालच्या आधी या पट्ट्यात भातशेती होती, मिठागरं होती, खाडी होती. पुरुष नांगर धरायचे, बायका लावणी, कापणी, झोडणी करायच्या. मिठागरात मिठाच्या टोपल्या बायकांच्या डोक्यावर. निवट्या, चिंबोऱ्या पकडायच्या आणि पाटी घेऊन पनवेलच्या बाजारात बसायचं. त्या पाटीचे पैसे बाईच्या कनवटीला असायचे, ते कोणी विचारत नसे.

मार्च 1970 मध्ये सिडको स्थापन झाली. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागांतल्या 95 गावांची जमीन घ्यायचं ठरलं. मोबदला आला तो सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या हातात. निवट्या पकडणारीला मोबदला नाही, टोपली वाहणारीला नाही. तसा रकानाच नव्हता. जमीन गेली तेव्हा घराला थोडाफार पैसा मिळाला, पण बाईची स्वतःची कमाई त्याच दिवशी थांबली. आमच्या गटातल्या म्हाताऱ्या बायका सांगतात, "पैसा आला तो घरात, आमचा गेला तो बाजारातून." घराची गरिबी मोजताना घर आतून एकसारखं धरलं तर हे दिसत नाही. म्हणून आता अभ्यास करणारे विचारतात की पैसा आला तर घरात कोणाच्या हाती आला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला जासई आणि दास्तान फाट्यावर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांची योजना मिळाली. म्हणजे शंभर गुंठे गेले असतील तर साडेबारा गुंठे विकसित जमीन परत. त्यातूनही सार्वजनिक सोयींसाठी पावणेचार गुंठे कापले जातात, हातात पावणेनऊ राहतात. पण ते पावणेनऊ गुंठे शहरातले. त्यांची किंमत पूर्वीच्या शंभरांपेक्षा कितीतरी जास्त.

आणि इथेच "कुटुंब म्हणजे कोण" हा प्रश्न पेटला. जमीन गेली आजोबांच्या नावाची. भूखंड मिळेपर्यंत आजोबा गेले, कधी वडीलही गेले. मग वारस लावायचे. वारसात मुली आल्या. तीस-चाळीस वर्षं ज्या बहिणीला फक्त भाऊबीजेला आणि गौरी-गणपतीला बोलावलं, तिच्या दारात अचानक गाडी येऊन उभी राहिली, "ताई, एक सही पाहिजे."

आमच्या एका गटात असाच प्रसंग आला. एक ताई बैठकीला कागद घेऊन आल्या. हक्कसोड पत्र. दुसऱ्या दिवशी रजिस्ट्रारकडे जायचं होतं. आम्ही विचारलं, "यात काय लिहिलंय, भावाने वाचून दाखवलं का?" त्या म्हणाल्या, "दादा म्हणाला नेहमीचंच आहे. आणि वहिनीने साडी पाठवलीय." आम्ही कागद मोठ्याने वाचला. बैठकीत कोणी काही बोलेना. मग एक मावशी म्हणाल्या, "सही केलीस तर हिस्सा जाईल, नाही केलीस तर माहेर जाईल. कसं करतेस सांग."

मैत्रिणींनो, हा प्रश्न खरा आहे. त्याला हसू नका आणि त्यावर भाषणही देऊ नका. कायदा बाईला हिस्सा देतो. पण नवऱ्याने टाकलं तर रात्री जायला दार कोणाचं? भावाचं. आजारपणात कोण येणार? वहिनी. बाई सही करते ती दर वेळी अडाणीपणाने करत नाही. माहेर हाच तिचा विमा असतो आणि त्याचा हप्ता म्हणून ती हिस्सा देते. हे समजून न घेता "सही कशाला केलीस" असं विचारणं सोपं आहे.

ताईंनी काय केलं? त्यांनी नाही म्हटलं नाही आणि सहीही केली नाही. भावाला सांगितलं, "दादा, कागदाची प्रत दे आणि आठ दिवस दे. मला जावयाला दाखवायचंय." आठ दिवसांत त्यांना कळलं की भूखंड किती मोठा आहे आणि व्यवहार कोणाशी ठरलाय. मग त्या भावाशी बोलल्या, दाराबाहेर नाही, आईच्या समोर. थोडा हिस्सा त्यांच्या नावावर ठेवायचं बोलणं झालं. भावाने दोन महिने फोन केला नाही. गौरीला मात्र बोलावणं आलं. कागद अजून पुरा झालेला नाही. पण ताई आज काय बोलतात ते माहिती घेऊन बोलतात.

कायद्यात काय आहे

थोडक्यात सांगतो, लिहून घ्या. महाराष्ट्राने 1994 साली कायदा बदलून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखा हक्क दिला, पण ज्यांची लग्नं आधीच झाली होती त्या मुली वगळल्या. 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राच्या दुरुस्तीने लग्न झालेली, न झालेली असा भेद काढला. 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हा हक्क जन्माने येतो. 2005 साली वडील हयात असायलाच हवेत असं नाही. मात्र 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर नोंदणी होऊन वाटणी झाली असेल तर ती मोडत नाही. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबांसाठी आहे. मुस्लिम, ख्रिस्ती आणि आदिवासी मैत्रिणींसाठी नियम वेगळे आहेत, त्यांनी वेगळं विचारावं. विचारायचं कुठे? तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. बाईला तिथे मोफत सल्ला आणि वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. फोन नंबर 15100.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. नोंदणी झालेलं हक्कसोड पत्र नंतर फिरवणं फार कठीण असतं. म्हणून सहीच्या आधी विचारायचं. सही करायची की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा.

आणि आता "कुटुंब" या शब्दाकडे परत या. 2013 साली भूसंपादनाचा नवा कायदा झाला, तो 1 जानेवारी 2014 पासून लागू आहे. त्यात कुटुंबाची व्याख्या लिहिली आहे. विधवा, घटस्फोटित आणि घरच्यांनी टाकलेली बाई, हिला स्वतंत्र कुटुंब धरायचं. सज्ञान माणूस, बाई असो की पुरुष, वेगळं कुटुंब. शिवाय जमीन घेण्याआधी लोकांच्या जगण्यावर काय परिणाम होईल याचा अभ्यास करायचा आणि जनसुनावणी घ्यायची. 1970 साली कुटुंब म्हणजे खातेदार होता. 2013 साली टाकलेली बाईसुद्धा एक कुटुंब झाली. हा बदल आपोआप झाला नाही. विस्थापित घरांत बायकांचं काय होतं हे अनेकांनी वर्षानुवर्षं जाऊन विचारलं, लिहिलं, आणि लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा व्याख्या हलली.

उलटही घडतं. आमच्या गावठाणांत घरात मुलं मोठी झाली, लग्नं झाली, चुली वाढल्या, पण गावठाणाची हद्द होती तेवढीच राहिली. लोकांनी आजूबाजूला घरं बांधली. त्यांना आज "गरजेपोटी बांधलेली घरं" म्हणतात आणि ती कायम करा म्हणून अजून फेऱ्या चालू आहेत. कुटुंब वाढतं, हे नकाशा काढताना कोणी धरलंच नव्हतं.

जे मोजत नाही ते दिसत नाही

1974 साली देशातल्या स्त्रियांच्या स्थितीवर एक मोठा सरकारी अहवाल आला. फुलरेणू गुहा त्या समितीच्या अध्यक्ष होत्या. त्यात लोकांना धक्का देणारी गोष्ट होती. 1901 साली हजार पुरुषांमागे 972 स्त्रिया होत्या, 1971 साली 930 राहिल्या. स्वातंत्र्य मिळालं, शाळा आल्या, दवाखाने आले, आणि बाया कमी झाल्या. हे आकडे जनगणनेत होतेच. एकत्र मांडून "असं का?" विचारल्यावर ते दिसले. त्याच वर्षी मुंबईत एसएनडीटी विद्यापीठात स्त्रियांवरच्या अभ्यासाचं केंद्र सुरू झालं.

आपल्या कामाचंही तसंच. 2019 साली सरकारने लोकांचा दिवस कसा जातो याची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जातात, म्हणजे जवळजवळ पाच तास. करणाऱ्या पुरुषाची 97 मिनिटं. तेही करणाऱ्या पुरुषांची. 100 पुरुषांमागे 26 जणच त्या दिवशी असं काही काम करत होते, बायका 81. आता घरी कोणी म्हणालं, "तू दिवसभर करतेस काय?" तर हा आकडा सांगा.

बँकेचंही बघा. देशाच्या कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 2015-16 साली 100 पैकी 53 बायकांचं स्वतः वापरायचं बँक खातं होतं. 2019-21 मध्ये जवळजवळ 79. यात आपल्यासारख्या गटांचाही हात आहे. पण त्याच काळात घर किंवा जमीन एकटीच्या किंवा जोडीच्या नावावर असलेल्या बायका 38 वरून 43 वर गेल्या, एवढंच. खातं उघडलं, सातबारा मात्र फार उघडला नाही. आपलं पुढचं काम कुठे आहे ते या दोन आकड्यांत आहे.

नाव लावणं जमतं, हे महाराष्ट्रात घडलेलं आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 1990 च्या सुमारास लक्ष्मीमुक्ती मोहीम चालवली. ज्या गावात 100 घरांनी बायकोच्या नावावर जमीन केली, त्या गावाचा जाहीर सन्मान व्हायचा. तिथे शेतकरी पुरुषांनी स्वतः उठून नावं लावली.

आपली कर्जवही उघडा

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं मोठ्या लोकांचं झालं, आपण काय करायचं? मैत्रिणींनो, आपल्या पेटीत एक फार मोलाचं पुस्तक आहे, कर्जवही. त्यात प्रत्येक कर्जाचं कारण लिहिलेलं असतं. दहा वर्षांच्या कर्जवह्या काढा आणि फक्त कारणं वाचत जा. दवाखाना, शाळेची फी, घरदुरुस्ती, धंदा, हळद.

हळद वाढत गेलेली दिसली की थांबा आणि बोला. आमच्या आगरी समाजात लग्न लावायला धवलारीण असायची. बाईच धवले गायची, तिच्या तोंडी लग्नाचे विधी असायचे. आज बऱ्याच ठिकाणी धवलारीण मिळत नाही आणि हळदीला डीजे, मांडव, मटण यांवर खर्च होतो तो कर्ज काढून. म्हणजे लग्नातला बाईचा मान कमी झाला आणि त्याच लग्नाचं कर्ज बाईच्या नावावर आलं. हे आम्हाला कोणी येऊन सांगितलं नाही. आमच्याच वहीत ते लिहिलेलं होतं.

पुढच्या बैठकीत एक तासाचा खेळ करा. मोठ्या कागदावर प्रत्येकीने आपलं घर काढायचं. चुलीच्या जागी गोल. त्या चुलीवर जेवणारी माणसं गोलात. मग चार खुणा करायच्या. घर कोणाच्या नावावर, तिथे एक. कमाई कोणाकडून येते, तिथे दोन. पैसा खर्च करताना कोणाला विचारतात, तिथे तीन. लहान, म्हातारं, आजारी यांचं कोण करतं, तिथे चार. एकीचा कागद पाहून दुसरी आपोआप बोलायला लागते. पण एक नियम पाळा. कागद बाहेर न्यायचा नाही, फोटो काढायचा नाही, घरातली गोष्ट गटातच ठेवायची. नाहीतर पुढच्या वेळी कोणी खरं काढणार नाही.

आणि दारात कोणी फॉर्म घेऊन आलं, कॉलेजचे विद्यार्थी असोत की संस्थेचे, तर पाणी द्या, आणि तीन गोष्टी विचारा. कोणाकडून आलात? आमचं नाव छापणार का? झालेला अहवाल आम्हाला मराठीत दाखवणार का? उत्तर द्यायचं नसेल तर नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. द्यायचं असेल तर मात्र स्वतः द्या. "थांबा, हे आले की सांगतील" असं म्हणू नका.

हे खास सांगतोय, कारण 2027 ची जनगणना आहे. मोजणीदार विचारेल, "काय काम करता?" आपल्या तोंडी पटकन येतं, "काही नाही, घरीच असते." तेवढ्याने तुमची भाजीची पाटी, शिवणकाम, कोंबड्या, शेतातली लावणी, गटाचा पापडाचा धंदा, सगळं पुसलं जातं. मागच्या वर्षभरात केलेलं प्रत्येक काम सांगा. मोसमी असलं तरी सांगा. कुटुंबप्रमुख कोण असं विचारलं आणि घर तुम्ही चालवत असाल, तर स्वतःचं नाव सांगायला लाजू नका.

आमच्या गटांनी ठरवलंय की दर तीन महिन्यांच्या एका बैठकीत फक्त कागद वाचायचे. सातबारा, घरपट्टी, वारसाची नोंद, कोणाकडे सहीसाठी आलेला कागद. कोणी काय करावं हे गट ठरवत नाही. पण न वाचता सही करायची नाही, एवढी एक शपथ सगळ्यांनी घेतली आहे. तुमच्याही गटात हे सुरू करा आणि काय अनुभव आला ते मासिकाच्या पत्त्यावर लिहून कळवा. इतर गावांतल्या बायकांना त्याचा उपयोग होईल.

चला, चुलीवर काही ठेवलं असेल तर बघा. नमस्कार.